चुरगळलेले कान, जोडलेले हात : तालमीतला माणूस ओळखावा कसा आणि मारामारी टाळावी कशी

लालमाती (धागाकर्ता)

गेल्या बुधवारी संध्याकाळी कात्रज चौकाच्या अलीकडे वाहतूक तुंबली होती. माझ्या पुढे एक कार, तिच्या शेजारी जुनी स्प्लेंडर. स्प्लेंडरचा आरसा कारला घासला, ओरखडा नखाएवढा. कारमधून पंचविशीतला मुलगा उतरला. सहा फूट उंची, जिममध्ये कमावलेले दंड. उतरला तोच आईबहिणीवरून. स्प्लेंडरवाला पन्नाशीचा, पांढरा सदरा, हँडलला डब्याची पिशवी. त्याने गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि मला त्याचे कान दिसले.

दोन्ही कानांच्या वरच्या वळ्या भरून आलेल्या, कडक, चुरगळून वाळलेल्या कातड्यासारख्या. मान डोक्याएवढीच रुंद. मी कोल्हापुरात नऊ वर्षं तालमीत काढली आहेत, त्यामुळे पुढचं जे दिसलं ते बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसेल. त्याने चपला काढल्या. पाय थोडे फाकवले, पंजे किंचित बाहेर. नजर पोराच्या तोंडावर नव्हती, कमरेवर होती. पोरगं बोट नाचवत हातभर अंतरावर येऊन उभं. एवढ्या अंतरावरून एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय ओढून माणूस आडवा करायला, डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. आणि पोराच्या मागे काय? डांबर आणि दुभाजकाची सिमेंटची कड. माझ्या पोटात गोळा आला तो त्या पोरासाठी.

त्या माणसाने हात जोडले. "चुकलं मालक, माझंच चुकलं. किती द्यायचं सांगा."

पोरगं आणखी दोन शिव्या देऊन गाडीत बसलं. माणसाने चपला घातल्या, हेल्मेट चढवलं. मी गाडी शेजारी घेऊन विचारलं, "कुठली तालीम?" तो हसला. म्हणाला, "आता कुठली तालीम दादा, पोरीचा क्लास सुटायचाय." सिग्नल सुटला.

त्या मुलाला आयुष्यात कधी कळणार नाही की त्या दिवशी तो कशातून सुटला. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहितोय. कुस्तीगीर ओळखायच्या माझ्या खुणा : कान, मान, मनगटाची जाडी, चालताना अंगापासून जरा सुटे राहणारे हात, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे काळे डाग. पण यातली एकही खूण भरवशाची नाही. ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक स्वतंत्र भारतात पहिल्यांदा आणलं ते गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीला, ५७ किलो गटात. सत्तावन्न किलो! एसटीत तुमच्या शेजारी बसले असते तर तुम्ही त्यांना सरकायला सांगितलं असतं.

म्हणून खुणांपेक्षा वागणं बघा. ज्याला लढता येतं तो भांडणात गप्प होतो. आरडाओरडा, शर्टाची बटणं उघडणं, "ओळखतोस का मला" हे सगळं न येणाऱ्याचं. येणारा हातातली पिशवी खाली ठेवतो, आजूबाजूला एक नजर टाकतो, पायाखालची जमीन बघतो. समोरचा माणूस असा अचानक शांत झाला की तुम्ही तिथून निघायची वेळ झाली.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. बॉक्सिंग, ज्युदो, कराटेवाल्यांनी तर नक्की.

—

पश्चिमघाट

चपला काढल्याचं वाचून अंगावर काटा आला. वडील तालमीतले होते, तेही असंच करायचे. आम्ही लहान असताना बाजारात एकदाच बघितलं होतं. आईने फक्त त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते परत चपला घालून चालू लागले.

—

निळा_कोपरा

सैन्यात असताना सहा वर्षं रेजिमेंटकडून बॉक्सिंग केलं. बॉक्सरच्या खुणा वेगळ्या. भुवईत केस न उगवणारी बारीक रेघ, नाकाचा दांडा बसलेला किंवा एका बाजूला गेलेला, पहिल्या दोन बोटांची मुळं जाड. उभा राहतो तो समोरासमोर नाही, तिरका. डावा पाय अर्धं पाऊल पुढे, मागची टाच जमिनीला जेमतेम टेकलेली, हनुवटी खाली. पण हे सगळं रिंगमध्ये. रस्त्यावर हनुवटी खाली घातलेला माणूस बघणाऱ्याला लाजलेला वाटतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. शिकलेला माणूस भांडणात हात वर आणतो ते उघडे. तळवे समोर, "अहो ऐका तरी" म्हणत. लोकांना वाटतं गयावया करतोय. पण हात छातीच्या वर आले, कोपरं बरगड्यांपाशी आली, म्हणजे त्याचा बचाव उभा राहिला. धागाकर्त्याच्या स्प्लेंडरवाल्याने जोडलेले हातसुद्धा कुठे होते? छातीपुढेच. माफी तो मनापासून मागत असेल, मला शंका नाही. पण हात जिथे असायला हवेत तिथेच होते.

अंतर हा दुसरा मुद्दा. बॉक्सर हाताच्या टप्प्याबाहेर अर्धं पाऊल थांबतो आणि तुम्ही पुढे सरकलात की तेवढंच मागे जातो. तुम्हाला वाटतं घाबरला. कुस्तीवाला उलटा, तो जवळ येऊ देतो.

—

रांगडा२३

सगळं पटलं, पण एक विचारतो. मी २३ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात पार्किंगवरून शेजारच्या सोसायटीतल्या एकाने माझ्या देखत वडिलांची कॉलर धरली. वडील मला "चल वर" म्हणाले आणि मी गेलो. त्या दिवसापासून नीट झोप नाही. इथे सगळे सांगताय हात जोडा, निघा. बापाच्या कॉलरला हात घातला तरी हात जोडायचे? मग शरीर कमवायचं कशाला?

—

काळा_कोट

रांगडा२३, तुमचा राग खरा आहे. उत्तर लालमाती देतीलच, मी फक्त माझ्या धंद्यातलं सांगते. सत्र न्यायालयात गेली चौदा वर्षं फौजदारी बाजू बघते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत केलीत तर कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात याची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. पण हाड मोडलं, सांधा निखळला किंवा नुसता एक दात पडला तरी ती 'गंभीर दुखापत', कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत. एका ठोशात दात पडतो. तो मारताना कुठलं कलम लागणार हे तुमच्या हातात नसतं.

स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो भक्कम आहे. वडिलांच्या अंगावर कुणी धावून आलं तर त्यांना वाचवायचा हक्क तुम्हाला आहे, कायदा दुसऱ्याच्या शरीराचा बचावही मान्य करतो. मुख्य अट अशी, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कॉलर सोडवणं हा बचाव झाला. कॉलर सुटल्यावर मारलेला ठोसा बचाव नाही. कोर्टात सगळी लढाई त्या दोन सेकंदांवर होते, आणि आजकाल ते दोन सेकंद सोसायटीच्या कॅमेऱ्यात असतात.

आता या धाग्याशी थेट जोडलेला एक निकाल. डिसेंबर १९८८, पतियाळा. रस्त्यावरच्या वादात नवज्योतसिंग सिद्धू यांनी ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना हाताने मारलं, ते गृहस्थ गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एक हजार रुपये दंड ठोठावला होता. १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात एक वर्ष सक्तमजुरी दिली. न्यायालयाने मांडलेला मुद्दा असा की मारणारा बॉक्सर, कुस्तीगीर, क्रिकेटपटू किंवा अतिशय धडधाकट माणूस असेल, तर त्याचा हात हेच शस्त्र ठरू शकतं. भांडण काही मिनिटांचं, शिक्षा ३३ वर्षांनी. शरीर कमावणाऱ्याची जबाबदारी कायदा जास्त धरतो ती अशी.

—

सांजवात

मी मुलींना ज्युदो शिकवते. धागा आवडला, पण एका बाबतीत माझा विरोध आहे.

'हात जोडा आणि निघा' हे रस्त्यावरच्या गाडीच्या भांडणाला लागू आहे. ज्या मुलीचं मनगट कुणी धरलंय तिला निघताच येत नाही. रोज बसस्टॉपवर उभा राहणारा माणूस दुर्लक्ष केलं की जातो असं मोठी माणसं सांगतात. तो जात नाही, उलट त्याची भीड चेपते. त्यामुळे माझ्या मुलींना मी पहिल्यांदा आवाज शिकवते. "हात सोडा!" हे पोटातून, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं. कित्येक मुलींना सुरुवातीला तेवढा आवाज काढताच येत नाही. घरात कधी काढू दिलेला नसतो. दुसरं म्हणजे अंगठ्याच्या बाजूने मनगट सोडवणं, पकड तिथेच कच्ची असते. तिसरं, सुटल्याबरोबर पळणं, आणि तेही दिव्याच्या, दुकानाच्या दिशेने. थांबून दोन लाथा घालायचा मोह फार होतो, तो आम्ही घोटवून काढतो.

ओळखायच्या खुणेबद्दल : ज्युदोवाला पडताना ओळखावा. आमच्याकडे आधी पडायलाच शिकवतात. पावसात पायरीवरून घसरलेली आमची मुलगी हनुवटी छातीला लावून, हाताने जमिनीवर चापट मारून पडते आणि उठून चालू लागते. डोकं टेकू द्यायचं नाही, एवढं एक शिकून गेली तरी मला समाधान आहे.

—

कानोकानी

कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, म्हणून कान आणि डोकं दोन्हीवर लिहिते. आधी कान.

कानाचं हाड म्हणतो ते खरं तर कूर्चा, लवचीक. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. कुस्तीत कान रगडला गेला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चा उपाशी राहते, मरते, तिच्या जागी वेडीवाकडी कडक गाठ तयार होते. तेच ते चुरगळलेले कान. वेळेवर रक्त काढून घट्ट दाब दिला तर कान वाचतो. तरीही तालमीतली मुलं मुद्दाम येत नाहीत, कारण मोडलेला कान म्हणजे पदक. काही जण तो लवकर मोडावा म्हणून स्वतः चोळतात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांच्या कानाचं भोक त्या गाठीने अरुंद होतं त्यांना पुढे मळ साचणं, ऐकू कमी येणं हा त्रास होतो.

आता डोकं, सांजवात यांनी बरोबर विषय काढला. भांडणातला माणूस मरतो तो बऱ्याचदा ठोशाने नव्हे. शुद्ध हरपून ताठ मागे कोसळतो आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते. शुद्धीत पडणारा हात तरी टेकतो, याला तेवढंही जमत नाही. अशी माणसं कधी कधी उठून बसतात, पाणी पितात, "काही झालं नाही" म्हणून घरी जातात आणि काही तासांनी कवटीच्या आत साचणारं रक्त मेंदू दाबतं. डोक्याला मार लागलेला माणूस पुन्हा पुन्हा ओकतोय, डोकेदुखी वाढतेय, झोपाळतोय, बोलणं अडखळतंय, एक बाहुली मोठी दिसतेय, यातलं काहीही असेल तर झोपू देऊन सकाळची वाट बघू नका, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या वयस्करांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही बघू नये.

आणि मारणाऱ्यासाठी : समोरच्याच्या दाताने तुमच्या मुठीवर झालेली छोटी जखम घरी हळद लावून सोडू नका. तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात. बोट कायमचं आखडलेलं पाहिलंय मी.

—

पणजीकर_मामा

आमच्याकडे किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मोसमात रोज एक तरी खटका उडतो. चोवीस वर्षांत एक शिकलो, पिऊन तापलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्या मित्राशी बोलायचं. "भाई, याला जरा समुद्राकडे फिरवून आण, टेबल मी राखून ठेवतो." सगळ्यांसमोर माघार कुणालाच घ्यायची नसते. जायला वाट ठेवली तर बहुतेक जण जातात. वेटर मुलांना सांगितलंय, त्याच्या खांद्याला हात लावायचा नाही आणि बाहेर जायच्या वाटेत उभं राहायचं नाही.

—

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इथे मी पाच वर्षं ब्राझीलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडीने लढायची कला शिकतोय. आमच्या वर्गात सर्वांत अवघड माणूस कोण, तर एक बारका चष्मेवाला प्रोग्रॅमर. शर्ट घातल्यावर त्याच्यात काही दिसत नाही. बघायचंच असेल तर बोटांचे सांधे बघा, कपडा पकडून पकडून सुजलेले, चिकटपट्टी लावलेले. पुण्या-मुंबईतही आता असे वर्ग निघालेत, त्यामुळे 'मोठं शरीर म्हणजे धोका' हा हिशोब तिकडेही संपला.

शिवाय इथे समोरच्याच्या गाडीत बंदूक असू शकते. आमच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, गाडीतून खाली उतरायचं नाही, काच खाली करायची नाही. पाच वर्षांत मी ते मोडलेलं नाही.

—

भीमाकाठ

बंदुकीवरून आठवलं. पुण्याच्या बातम्यांत हल्ली कोयता येतोच. सगळा धागा शिकलेल्या माणसाबद्दल आहे, पण मला जास्त भीती न शिकलेल्यांची वाटते. सोळा-सतरा वर्षांची चार पोरं, सीटखाली कोयता. त्यांना कुठे थांबायचं हे कुणी शिकवलेलंच नाही. पैलवानाला निदान वस्ताद असतो.

—

लालमाती (धागाकर्ता)

भीमाकाठ, अगदी मनातलं बोललात. आता रांगडा२३ साठी. हे मी कुठे लिहिलेलं नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. जिल्ह्यात नाव व्हायला लागलं होतं. यात्रेतली कुस्ती मारून मित्राबरोबर एसटी स्टँडवर आलो. एका माणसाने रांगेत मित्राला ढकललं, वर आईवरून शिवी दिली. मित्र काही बोलला नाही. मी गेलो. त्याने माझ्या छातीवर हात ठेवला आणि माझ्या अंगाने आपोआप ढाक लावली, म्हणजे माणूस उचलून फेकायचा डाव. विचार नव्हताच, रोज शंभर वेळा केलेली गोष्ट. तालमीत ढाकेवर माणूस पडतो तो हौद्यात. त्या मातीत आम्ही ताक, तेल, हळद घालतो, रोज फावड्याने उकरून भुसभुशीत करतो. पडणाऱ्याला लागू नये म्हणूनच ना एवढा खटाटोप? तो माणूस पडला फरशीवर. तो आवाज अजून कानात आहे.

तो वाचला. गळपट्टीचं हाड मोडलं, अकरा दिवस दवाखान्यात होता. विटा वाहून पोट भरणारा माणूस, पुढे कित्येक महिने उजवा हात खांद्यावर गेला नाही. माझ्या वडिलांनी म्हैस विकून दवाखान्याचं बिल भरलं, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या पाया पडले. माझ्या चुकीसाठी माझा बाप दुसऱ्याच्या उंबऱ्यावर वाकला. गुन्हा नोंद झाला. आमच्या तालमीतली निम्मी पोरं पोलीस भरतीसाठी घाम गाळायची, मीही त्यातलाच. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर तो गुन्हा आला आणि ते दार बंद झालं.

वस्तादांनी मला काही मारलं नाही. माझा लंगोट खुंटीवरून काढून हातात दिला. म्हणाले, "रस्त्यावर हात उचलायचा असंल तर ही माती कशाला घाण करतोस?" सहा महिने मला आखाड्यात उतरू दिलं नाही. रोज पहाटे जायचं, हौदा उकरायचा, पाणी मारायचं, बाकीच्यांचे जोर-बैठका बघत बसायचं आणि घरी यायचं.

तुझ्या वडिलांनी "चल वर" म्हटलं तेव्हा त्यांना कॉलरचं दुःख नव्हतं असं नाही. त्यांना तू दिसत होतास. तुझ्या हाताला त्या दिवशी काही येत नव्हतं, आणि आलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. तू वर गेलास हे तुझ्या बापाने तुला सुखरूप घरी नेणं होतं. त्यांच्याशी यावर बोललास का? महिना झाला म्हणतोस. बहुतेक त्यांनाही झोप नसेल.

सांजवात, तुमचा विरोध मान्य. मनगट धरलेल्या मुलीला मी हात जोडायला कधीच सांगणार नाही. धाग्यात ते आधीच लिहायला हवं होतं.

—

काळा_कोट

लालमाती, धन्यवाद, हे लिहिल्याबद्दल. रांगडा२३, त्या शेजाऱ्याविरुद्ध ठाण्यात लेखी तक्रार आजही देता येते आणि द्यावी. कॅमेऱ्याचं चित्रण सोसायटीकडून आधी मागून ठेवा, ते ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. पुन्हा असं घडलं तर तिथूनच पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लावा.

—

रांगडा२३

काल रात्री बाबांशी बोललो. त्यांना खरंच झोप नव्हती. म्हणाले, "तू मागे उभा होतास, तुझी मूठ आवळलेली दिसली, मला त्याची भीती वाटली." तक्रार उद्या देतोय, चित्रण मिळालंय.

लालमाती, तेवीसाव्या वर्षी तालमीत घेतात का?

—

लालमाती (धागाकर्ता)

घेतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती धरायला उशीर झालाय, पण अंग मोडायला झालेला नाही. रविवारी पहाटे साडेपाचला ये, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. मारुतीला नारळ आण. पहिला महिनाभर फक्त हौदा उकरावा लागेल आणि कुणाला तक्रार चालणार नाही.

—

कानोकानी

आणि कान सुजला तर त्याच दिवशी दाखवायला यायचं. वस्ताद काहीही म्हणोत.